फ्रेज (पदबंध) आणि क्लॉज (उपवाक्य) नेमके कसे ओळखावेत?

प्रश्न (इंदूर): मी आठवीतल्या मुलीला घरी इंग्रजी व्याकरण शिकवते. ‘आफ्टर द रेन’ ही फ्रेज, मग ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड’ हा क्लॉज कसा, हे तिला कसे समजावावे?

उत्तर १: ताई, तिला कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद शोधायला सांगा, दुसऱ्या उदाहरणात ‘रेन’ हा कर्ता आणि ‘स्टॉप्ड’ हे क्रियापद असल्याने तो क्लॉज ठरतो, मात्र ‘आफ्टर’मुळे त्याला मुख्य वाक्याचा आधार लागतो. शब्दसंख्येवर मुळीच जाऊ नये: ‘नियर द मेन गेट ऑफ राजवाडा’ ही लांबलचक असूनही फ्रेजच.

उत्तर २: क्रियापदांचे प्रकारही वाक्यातच दाखवावेत. ‘बर्ड्स फ्लाय’मध्ये ‘फ्लाय’ अकर्मक आहे, तर ‘दे फ्लाय काइट्स’मध्ये तेच सकर्मक, म्हणून याद्या पाठ करून घेणे मला योग्य वाटत नाही.