प्रथिन नेमकं कशाला चिकटलं, सोन्याला की सिलिकाला?

रंकाळाकाठ: काल इथं एकानं लिहिलं, "एसबीए-१५ या बारीक छिद्रांच्या सिलिकात सोन्याचे नॅनोकण बसवले, ७ पीएचला लायसोझाइम हे अंड्यातलं प्रथिन टाकलं, द्रावणातलं प्रथिन घटलं. म्हणजे सोन्यानं ते धरलं." असं लिहून कसं चालेल? ७ पीएचला सिलिकावर ऋण प्रभार असतो. लायसोझाइमचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या पीएचला त्याचा एकूण प्रभार शून्य होतो तो, ११ च्या आसपास. त्याखाली, म्हणजे ७ ला, ते धन. सोनं नसतं तरी ते सिलिकावर बसलंच असतं! कोऱ्या, म्हणजे सोनं नसलेल्या सिलिकाचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) कुठाय? शिवाय छिद्र ६ ते १० नॅनोमीटरचं. त्यात ५ चा कण बसवल्यावर ३ × ३ × ४.५ च्या लायसोझाइमला आत जायला वाट किती उरते? बरंचसं तोंडाशीच अडकलेलं असणार.

सिलिकावाला: पोस्ट माझीच. सोन्याचा प्रकाश शोषणाचा ५२० नॅनोमीटरजवळचा पट्टा लाल बाजूला सरकला, प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनचं फ्लुरोसन्सही (चमकणंही) घटलं. हे दिसत नाही का? पृष्ठफळ मोजणाऱ्या बीईटीला सॅम्पल पाठवून आम्ही महिनोन्‌महिने वाट बघायची, आणि तुम्ही घरी बसून कंट्रोल मागायचा!

रंकाळाकाठ: मशीनची रांग सगळ्यांनाच लागते. फ्लुरोसन्स घटण्याचं म्हणाल, तर सोनं स्वतःच त्या चमकेचा प्रकाश शोषतं. इनर फिल्टरची, म्हणजे या शोषणानं होणाऱ्या घटीची, दुरुस्ती केल्याशिवाय त्याला पुरावा म्हणू नका.

हुपरीकर: तुमचं सोनं ऱ्हाऊ दे बाजूला, चांदीचं बोला. आमच्या घरात तीन पिढ्या चांदीकाम. उकडलेलं अंडं चांदीच्या चमच्यानं खाल्लं की चमचा काळा पडतोय. प्रथिनातलं गंधक चांदीला धरतंय, ह्याला मशीन कशाला पायजे? ह्याच चांदीच्या सिलिकाचा फिल्टर करून पंचगंगेचं पाणी शुद्ध करा की!

सिलिकावाला: अगदी बरोबर बोललात, दादा! चांदीचे आयन जंतू मारतात, सिलिका कणांना एकत्र गोळा होऊ देत नाही. कोल्हापूरला याचीच गरज आहे. दर उन्हाळ्यात नदीत मेलेले मासे बघायचे आणि आपण पीएचवर वाद घालायचा?

रंकाळाकाठ: दादांनी स्वतःच उत्तर दिलंय, तुम्ही ते वाचलं नाही. चमच्याला काळं करणारं गंधक नदीच्या पाण्यातही आहे. सांडपाण्यातली प्रथिनं आणि सल्फाइड चांदीला घेरतात, क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो. मोकळा आयन उरला नाही तर जंतू मारणार कोण? आणि चांदी सुटतच राहिली तर पिण्याच्या पाण्यात तिची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. मासे मरतात ते सांडपाण्यामुळं प्राणवायू संपतो म्हणून. तिथं फिल्टर काय करणार? नाल्याचं पाणी नदीत मिसळण्याआधी शुद्ध करायला लावा, त्यासाठी मी तुमच्याबरोबर उभा राहीन.

हुपरीकर: म्हंजे आमची चांदी कुचकामी? पैंजण घडवत आलोय, चांदी काय करते ते आम्हाला शिकवू नका.

रंकाळाकाठ: कुचकामी कोण म्हणालं? स्वच्छ पाण्यात ती काम करते. घाण पाण्यात प्रथिनांचं कवच तिला झाकतं, एवढंच म्हणतोय.

शिवाजीपेठ_पीएचडी: दोघंही मुद्दा सोडून चाललाय. लायसोझाइमचे आठही सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) चार डायसल्फाइड, म्हणजे गंधक-गंधक बंधांत अडकलेले असतात, मोकळा थायॉल (सोन्याला धरू शकणारा गंधकाचा गट) एकही नाही. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनात ३४ व्या जागी एक मोकळा असतो. सोन्याशी गंधकाचा बंध दाखवायचा तर अल्ब्युमिन घ्या. मात्र ते जवळपास १४ नॅनोमीटर लांब, आत शिरायलाच अडचण. त्यात ७ पीएचला ते ऋण, म्हणजे सिलिका त्याला ढकलणार. माझ्या गाईडना हे सांगितलं तर म्हणाले, आधी चांगला आलेख आण.

सिलिकावाला: ठीक आहे, कोऱ्या सिलिकाचा कंट्रोल लावतो. पण पट्टा सरकला होता, ते मी मागे घेणार नाही.

रंकाळाकाठ: नका घेऊ, सरकला असेल. आता दोन्ही नमुने अर्धा मोलर मिठाच्या द्रावणात धुवा. प्रभाराच्या ओढीनं बसलेलं बरंचसं प्रथिन सुटेल. धुतल्यावरही सोन्याच्या नमुन्यावर कोऱ्यापेक्षा जास्त उरलं आणि पट्टा सरकलेलाच राहिला, तर सोन्याचं नाव घ्या.