युजर कसं काम करतो ते आधी बघायचं, की डॉक्युमेंटवरून सरळ बनवायला घ्यायचं?

उलटासुलटा
नमस्कार मंडळी. आमची छोटी टीम आहे, गोदामातल्या लोकांसाठी हातातल्या स्कॅनरवर चालणारं ॲप करतोय. माझं म्हणणं होतं की आधी थोडे दिवस तिथे जाऊन उभं राहू, माणसं माल कसा उचलतात, स्कॅन कधी करतात ते बघू आणि मग स्क्रीन काढायला बसू. टीमचा लीड म्हणतो कशाला, रिक्वायरमेंट (ॲपमध्ये काय काय हवं त्याची यादी) डॉक्युमेंटमध्ये लिहून आल्यात, त्यांच्या मॅनेजरची सही झालीय, आणि शेवटी ट्रेनिंग देणारच आहोत ना. वर हेही की आपण पण दिवसभर ॲपच वापरतो, आपल्याला कळत नाही का. मला पटत नाहीये, पण मीटिंगमध्ये 'युजर महत्त्वाचा' म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि पुढे काहीच होत नाही. ठोस उदाहरणं द्या कोणीतरी, भाषणं नकोत प्लीज.

जुना_बग
ट्रेनिंगचा मुद्दा निघालाच आहे तर बी-१७ ची गोष्ट सांगा त्याला. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बर विमान. झालं असं की पायलट व्यवस्थित लँडिंग करायचे आणि धावपट्टीवर विमान पळत असताना फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) आत घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घ्यायचे, विमान पोटावर. आता हे काय नवशिके होते का? ट्रेनिंग घेतलेले, युद्धातून जिवंत परत आलेले लोक. रिपोर्टमध्ये मात्र 'पायलटची चूक' लिहून फाइल बंद. १९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाकडे हे आलं, आणि त्याने पायलटला झापण्याऐवजी कॉकपिट बघितलं. चाकांचा आणि फ्लॅपचा असे दोन्ही कंट्रोल शेजारी शेजारी, दिसायला जवळपास सारखे. आणि गंमत म्हणजे सी-४७ नावाच्या विमानात हा घोळ होतच नव्हता कारण तिथे ते दोन कंट्रोल एकमेकांपासून लांब आणि वेगळ्या पद्धतीचे होते. माणसं तीच, ट्रेनिंग तेच, मग फरक कशात ते उघड आहे.

त्याने उपाय काय केला तर चाकांच्या कंट्रोलला रबराचं छोटं चाक लावलं आणि फ्लॅपच्या कंट्रोलला पाचरीसारखा तुकडा. न बघता नुसता हात लावला तरी कळतं. आजही विमानात लँडिंग गिअरचा, म्हणजे चाकांचा, दांडा चाकाच्या आकाराचा असतो, नियमच आहे तसा. पुढे १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स या संशोधकांनी पायलटांच्या अशा ४६० चुका गोळा करून अभ्यास केला, तर एका कंट्रोलच्या जागी दुसराच धरला गेला हा प्रकार त्यात भरपूर.

तुमच्या लीडला एवढंच विचारा, थकलेला माणूस, नजर खोक्यावर, हातात स्कॅनर, अशा वेळी 'कन्फर्म' आणि 'कॅन्सल' शेजारी असतील तर ट्रेनिंग काय करणार आहे?

तिरकस
उदाहरण भारी आहे पण दुसरी बाजू पण बोलू या जरा. युजरला विचारत बसलं की वीस लोक वीस बटणं मागतात आणि आपण ती सगळी देतो, मग स्क्रीनची जत्रा होते. थेरॅक-२५ आठवतंय का, कॅन्सरवर रेडिएशन देणारं मशीन? ऑपरेटर लोकांनी तक्रार केली की सेटिंग परत परत टाइप करायला फार वेळ जातो, म्हणून नुसतं एंटर दाबत पुढे जायची सोय केली. ऐकलंच की युजरचं! मग सरावलेले ऑपरेटर धडाधड एंटर मारायला लागले, चुकून एक्स-रेचा पर्याय टाकला असेल तर स्क्रीनवर वर जाऊन पटकन बदलायचे, आणि काही सेकंदांच्या आत ती दुरुस्ती झाली तर सॉफ्टवेअरचा गोंधळ उडायचा. त्या मशीनच्या अशा वेगवेगळ्या बिघाडांत मिळून १९८५ ते १९८७ मध्ये सहा पेशंटना भयानक जास्त डोस गेला, काही जण दगावले.

जुना_बग
@तिरकस अरे पण तुझं उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की. त्यांनी तक्रार ऐकली, पण ती सोय मिळाल्यावर हात किती वेगाने चालतील हे कोणी बघितलं नाही. टेस्टिंग करणारा सावकाश, विचार करत टाइप करतो, त्याला तो बग (सॉफ्टवेअरमधली चूक) दिसणारच नाही. आणि एरर काय यायचा माहितीये? 'मालफंक्शन ५४'. बास. ५४ म्हणजे काय ते ऑपरेटरच्या पुस्तकात पण नीट नाही. असे मेसेज रोजच यायचे, 'पी' दाबलं की काम पुढे सुरू व्हायचं, मग लोक काय करणार, पी दाबणार. मूळ बग कोडमधला होता आणि आधीच्या मशीनमधली हार्डवेअरची सुरक्षा काढून टाकली होती हे मान्य, सगळं खापर स्क्रीनवर फोडत नाही मी.

विचारणं वेगळं आणि बघणं वेगळं, एवढंच म्हणतोय.

रात्रपाळी
मी डेव्हलपर नाहीये, तुमच्यासारख्यांनी बनवलेलं वापरणारी आहे, वॉर्डमध्ये. आमच्या सिस्टीममध्ये थोडा वेळ हात लावला नाही की लॉगआउट होतं, सिक्युरिटीसाठी म्हणे. आता मी पेशंटजवळ गेले, सलाईन बघितलं, परत आले की पुन्हा पासवर्ड, हातात ग्लोव्हज. मग काय होतं, पाळी सुरू झाली की एकीचं लॉगिन करून ठेवायचं, दर थोड्या वेळाने जो जाईल तो माउस हलवतो, सगळ्याजणी त्यावरच नोंदी करतात. रेकॉर्ड बघाल तर एकच बाई सगळीकडे एकाच वेळी! सिक्युरिटी वाढवायला गेले आणि कोणी काय केलं हेच कळेनासं झालं. आणि हो, आम्हाला मीटिंगमध्ये विचारलं असतं तर आम्ही 'प्रत्येकजण आपापलंच लॉगिन वापरते' असंच सांगितलं असतं, साहेबांसमोर दुसरं काय सांगणार 😄 एक रात्र कोपऱ्यात बसला असतात तर पहिल्या तासात दिसलं असतं.

उलटासुलटा
@रात्रपाळी हे सोन्यासारखं आहे, कारण आमच्या डॉक्युमेंटमध्ये पण ऑटो लॉगआउट लिहिलंय! पण लीड आता म्हणेल बजेट नाही, पन्नास लोकांचा सर्वे कोण करणार.

मधलीसुट्टी
पन्नास कशाला. वापरायला सोपं कसं करायचं यावर काम करणाऱ्या जेकब नील्सनने २००० मध्येच लिहिलंय की पाच जणांबरोबर टेस्ट केलं तरी बहुतेक अडचणी दिसतात, आणि पंधरा जण एकदम घेण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या कराव्यात, मध्ये दुरुस्त करत. त्याच्या आकड्यांवर पुष्कळ वाद झालेत, आणि युजर अगदी वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर पाच पुरत नाहीत, पण शून्यापेक्षा पाच कधीही बरे हे तर लीडला पण पटेल. कागदावर स्क्रीन काढून न्या, कोड पण लागत नाही. एकच पथ्य पाळा, समोरचा अडकला की लगेच 'ते वरचं बटण दाबा' असं सांगायचं नाही, गप्प बसायचं, ते सगळ्यात अवघड असतं. आणि मॅनेजरने निवडून दिलेली हुशार पोरं घेऊ नका, नवीन लागलेला एक आणि कंप्युटरला वैतागणारा एक तरी असू दे.

बाय द वे तुमच्या गोदामात हातमोजे घालतात का? टचस्क्रीन आहे म्हणून विचारतोय.

उलटासुलटा
...माहीत नाही. डॉक्युमेंटमध्ये नाहीये. सोमवारी जातो बघायला, लीडला पण घेऊन जातो.