अस्त्र होतं तर कुणावर चाललं?

फू फायटर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना रात्री आकाशात दिसलेले गूढ प्रकाशगोळे. ते ‘जर्मनांचं गुप्त अस्त्रच’ असं एकांनी छातीठोक लिहिलंय. मला नाही पटत. नोव्हेंबर १९४४ मध्ये ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यावर रात्रीची गस्त घालणाऱ्या अमेरिकेच्या ४१५व्या नाइट फायटर स्क्वाड्रनच्या ब्यूफायटर विमानातून आठ-दहा नारिंगी दिवे दिसले. रडारवर मात्र काहीच नाही, ना विमानातल्या, ना जमिनीवरच्या. पायलटने विमान तिकडे वळवलं तर दिवे गायब, थोड्या वेळाने लांबवर पुन्हा हजर! असे गोळे नंतर बऱ्याच जणांच्या मागे लागले, पण विमान एकही पाडलं नाही. असलं कसलं अस्त्र?

‘फू’ हा शब्द तर एका विनोदी चित्रपट्टीतला.

१९५३ साली उडत्या तबकड्यांच्या बातम्या तपासणाऱ्या सीआयएच्या रॉबर्टसन समितीने स्थिरविद्युत किंवा हवेतल्या हिमकणांवरून परावर्तित होणारा प्रकाश, असे अंदाज मांडले, पण नेमकं कारण ठरलं नाहीच. मला वाटतं, काही वेळा तरी साधा शुक्र असणार. रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसा, अख्खा घाट तो तुमच्या सोबत पळतो. त्या वैमानिकांना तर झोप नाही, वर जिवाची धास्ती.