कच्चे कैदी सुटले तर काय?

दोघातिघांनी लिहिलंय की कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच तुरुंगात असलेले, असे जामिनावर सोडत सुटलो तर चोऱ्यामाऱ्या वाढतील. भीती समजते, पण सुटतं कोण ते आधी बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ आत काढला असेल, तर जामीन. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत. एकाहून जास्त खटले डोक्यावर असलेलेही नाहीत.

खरी गोची पुढे आहे. जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, कारण जामीनदार नाही. जामीनदाराचं रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलासुद्धा मागतात. बिहारहून ठाण्यात बांधकामावर आलेल्या पोराने हे आणायचं कुणाकडून? ज्याच्या मागे टोळी आहे त्याच्यासाठी मात्र जामीनदार लगेच उभा राहतो. म्हणजे सराईत बाहेर आणि मोबाईलचोरीतला पोरगा आत, तेही इतर सराईतांच्या बराकीत, महिनोन्‌महिने. समाजाला धोका मला तरी इथे दिसतो, आणि याचा फार संताप येतो. आधी जामीनदाराशिवाय, वैयक्तिक हमीवर सोडा, गावाचं तिकीट हातात द्या, तारखेच्या आदल्या दिवशी फोन करा.