2014 ला न्यायालयाने थांबवलं, मग जपान आजही देवमासे कसे मारतो?

भूगोलाच्या बाई, नाशिकरोड

नमस्कार मंडळी. मी आठवीला भूगोल शिकवते. निळा देवमासा केवढा असतो ते मुलांना कळावं म्हणून गेल्या आठवड्यात व्हरांड्यात सुतळीने 30 मीटर मोजले. एक टोक पाण्याच्या टाकीपाशी, दुसरं थेट ऑफिसच्या दाराशी. मुलं सुतळीच्या कडेकडेने चालत गेली आणि परत येताना गप्प होती. मग सांगितलं की विसाव्या शतकात एकट्या अंटार्क्टिकाच्या समुद्रात असे तीन लाखांवर मारले, आता बंदी आहे, 2014 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही जपानला थांबवलं. तर पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, "बाई, पण जपानने त्यासाठी नवीन मोठं जहाज बांधलंय, मी व्हिडिओत पाहिलं."

घरी येऊन पाहिलं तर तिचं बरोबर होतं. 'कांगेई मारू' 2024 पासून समुद्रात आहे. मग जपानने निकाल मोडला, की मी मुलांना अर्धवट शिकवलं? सोमवारी तिला उत्तर द्यायचंय.

वकिली शिकतोय, कॉलेजरोड

बाई, निकाल मोडलेला नाही. निकाल होताच तेवढ्यापुरता.

देवमाशांच्या शिकारीवरच्या 1946 च्या आंतरराष्ट्रीय करारात आठवं कलम आहे. संशोधनासाठी देवमासे मारायचा परवाना प्रत्येक देश आपल्या लोकांना स्वतःच देऊ शकतो. या करारातल्या देशांच्या आयोगात व्यापारी शिकारीवरची बंदी 1982 ला मंजूर झाली, 1986 पासून लागू झाली, आणि 1987 ला जपानची जहाजं याच कलमाखाली अंटार्क्टिकाकडे निघाली. मांस बाजारात विकलं जायचं. ऑस्ट्रेलियाने 2010 ला दावा लावला. 31 मार्च 2014 चा निकाल, 12 विरुद्ध 4. आपले दलवीर भंडारी बहुमतात होते, तेच जे आधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यातला एक मुद्दा मला विसरता येत नाही. 2005 पासून सुमारे 3,600 मिंकी देवमासे मारले आणि न्यायालयापुढे शोधनिबंध आले दोन. त्यातली माहिती नऊ देवमाशांची!

न्यायालय एवढंच म्हणालं की हा कार्यक्रम संशोधनासाठी म्हणता येत नाही, परवाने रद्द करा. शिकारच करू नका, असं म्हणालं नाही. 2018 ला आयोगाच्या ब्राझीलमधल्या बैठकीत जपानने व्यापारी शिकार परत सुरू करायचा प्रस्ताव मांडला, तो 41 विरुद्ध 27 मतांनी पडला. त्याच डिसेंबरात त्यांनी आयोग सोडतो म्हणून जाहीर केलं आणि 1 जुलै 2019 पासून स्वतःच्या समुद्रात उघड शिकार सुरू. सोसायटीचा सभासदच राहिला नाही, तर सोसायटीचा ठराव त्याला कसा लागू करणार? मुलांना असंच सांगा, कळेल.

पंचवटीकर

पण एकट्या जपानला का धरायचं? नॉर्वेही मारतो. आणि जपानच्या तैजीसारख्या गावांत ही पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. आपण सुरमई खायची आणि त्यांना शिकवायचं, हे मला पटत नाही.

वकिली शिकतोय, कॉलेजरोड

नॉर्वेचा मुद्दा रास्त आहे. त्यांनी बंदीला वेळेत हरकत नोंदवली, म्हणून ती त्यांना बांधत नाही. 1993 पासून त्यांची व्यापारी शिकार चालू आहे.

जहाजावरून उतरलेला, इंदिरानगर

पंचवटीकर, गावची होडी वेगळी आणि फॅक्टरी जहाज वेगळं. मी मर्चंट नेव्हीत इंजिनीयर होतो. फॅक्टरी जहाजाला मागे उतार असतो, त्यावरून आख्खा देवमासा विंचने वर ओढतात आणि डेकवरच कापतात. जपानची अशी जहाजं अंटार्क्टिकाला जायला लागली ती 1930 च्या दशकात. युद्धानंतर उपासमार होती, तेव्हा तिथल्या शाळांत मुलांच्या जेवणात हे मांस असायचं, म्हणून म्हाताऱ्या लोकांचा जीव त्यात गुंतलाय हे मी समजू शकतो. ती परंपरा नव्हे, ती गरज होती. अलास्काचे इनुइट लोक आजही मारतात, पण आयोगात राहून, ठरवून दिलेल्या आकड्यात.

आणि बाई, हे फक्त लांबच्या समुद्राचं नाही. 1966 च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी आपल्या अरबी समुद्रात, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या बाजूला, 238 हंपबॅक जातीचे देवमासे बेकायदा मारले आणि आयोगापासून लपवले. सोव्हिएत संघ मोडल्यावर त्यांच्याच शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी बाहेर काढल्या. बाकीचे हंपबॅक खायला ध्रुवाकडे जातात, हे जात नाहीत, बारा महिने इथेच. ओमानकडे आता शंभराच्या आतच उरलेत असा अंदाज आहे.

त्यातला एक मी पाहिलाय. ओमानच्या सलालाह बंदराबाहेर नांगर टाकून बर्थची वाट बघत होतो. पहाटे इंजिनरूममधून वर आलो आणि रेलिंगपाशी उभा होतो, तेवढ्यात खाली कोणीतरी मोठा सुस्कारा टाकावा तसा आवाज आला. फवारा उडाला, त्याला कुजक्या मासळीचा वास. पाठ वर आली, शेपटी वर आली, पाणी परत सपाट. दोन मिनिटांचं काम. शेपटीच्या खालचा पांढरा डाग मी अजून चितारून दाखवू शकतो.

भूगोलाच्या बाई, नाशिकरोड

अरबी समुद्राचं मला अजिबात माहीत नव्हतं. सोमवारी त्या मुलीला आधी हेच सांगणार, मग सोसायटीचं. काका, हंपबॅकची लांबी किती धरू? सुतळी परत घेऊन जातेय.

जहाजावरून उतरलेला, इंदिरानगर

15 मीटर धरा. तीच सुतळी निम्म्यात दुमडा.