मदत हवी आहे : कोरोना रुग्णांचे गृह विलगीकरण बंद झालेल्या जिल्ह्यात रुग्णच घरातील एकमेव सांभाळणारा असेल तर काय करावे?

पुणे, २७ मे २०२१

नमस्कार. सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातील आमच्या गावी माझे आईवडील दोघेच राहतात. बाबांचे वय ६८ आहे. आई ६४ वर्षांची असून दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिची उजवी बाजू निकामी झाली आहे. तिला उठवून बसवणे, भरवणे, कपडे बदलणे आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देणे, हे सर्व बाबाच करतात. रविवारी, २३ तारखेच्या रात्री, बाबांना ताप आला आणि मंगळवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात केलेली अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली. नेमक्या त्याच दिवशी राज्य सरकारने १८ जिल्ह्यांत गृह विलगीकरण बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्या यादीत सातारा आहे. काल सकाळी गावच्या समितीचे दोन सदस्य आशाताईंना बरोबर घेऊन घरी आले आणि बाबांना शाळेत उभारलेल्या विलगीकरण कक्षात जावे लागेल, असे सांगून गेले. आईचे काय करायचे, याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. त्यांनी शनिवार सकाळपर्यंत मुदत दिली आहे.

माझी तक्रार या नियमाविरुद्ध नाही, हे आधीच स्पष्ट करते. आमच्याच आळीत गेल्या महिन्यात एक जण घरी विलगीकरणात होता. घरात एकच न्हाणीघर, एकच संडास, आणि आठवड्याभरात त्या घरातील सहाही माणसे आजारी पडली. त्यांतील आजी परत आल्या नाहीत. त्यामुळे रुग्णाला घराबाहेर ठेवण्यामागील कारण मला पटते. अडचण एवढीच आहे की, रुग्ण गेल्यावर घरातील इतरांची काळजी घेणारे कोणीतरी मागे उरेल असे त्या निर्णयात गृहीत धरलेले दिसते, आणि आमच्याकडे काळजी घेणारा माणूसच रुग्ण झाला आहे. शेजारच्या काकू इतर वेळी हाकेला धावून येतात, पण त्यांच्या घरात सहा महिन्यांचे बाळ आहे. त्यांना आत बोलावणे मला योग्य वाटत नाही.

बाबांची प्रकृती सध्या बरी आहे. ताप कालपासून शंभरच्या आत आहे आणि ऑक्सिजन ९६-९७ असतो. काल रात्री मात्र त्यांनी फोनवर "अठ्ठ्याऐंशी दाखवतंय" असे सांगितले आणि माझे हातपाय गळाले. व्हिडिओ कॉल लावून यंत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले, तेव्हा वरचा आकडा ९७ होता आणि ते खालचा नाडीचा आकडा वाचत होते. ज्यांचे आईवडील दूर आहेत त्यांनी वरचा आकडा कोणता आणि खालचा कोणता, हे एकदा नीट समजावून ठेवावे, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. गावाजवळच्या एका डॉक्टरांनी आजच छातीचे एचआरसीटी (एक प्रकारचा सीटी स्कॅन) काढून आणा आणि स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करा, असे लिहून दिले आहे. सौम्य आजारात सीटी स्कॅनची आणि स्टिरॉइडची घाई करू नये, असे एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी याच महिन्यात जाहीरपणे सांगितल्याचे मी वाचले आहे, त्यामुळे मी गोळ्या थांबवायला सांगितल्या. पण डॉक्टरांनी दिलेले औषध आपण थांबवले, याची टोचणी लागून राहिली आहे.

मला स्वतःला ८ एप्रिलला लक्षणे सुरू झाली होती आणि मी पूर्ण बरी झाले आहे. त्यामुळे आईपाशी जाऊन राहण्यास आमच्यापैकी मीच सर्वांत योग्य आहे, असे वाटते. पण २२ एप्रिलपासून जिल्हा ओलांडण्यावर निर्बंध आहेत, विनाकारण गेल्यास दहा हजारांचा दंड आहे, आणि सारोळ्याचा पूल ओलांडून शिरवळला अडवले तर परत फिरावे लागेल, ही भीती आहे. ई-पाससाठी कोणते कारण आणि कोणती कागदपत्रे द्यावीत? मी पोहोचेपर्यंत बाबांना घरीच राहू द्यावे, अशी विनंती कोणाकडे करावी? आणि तोवर आईला संसर्ग होऊ नये म्हणून त्याच घरात नेमके काय करता येईल? ज्यांनी हे प्रत्यक्ष निभावले आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

ताई, मी २९ वर्षे आरोग्य सेविका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे, त्या अनुभवावर लिहिते. गावची समिती निर्णय अमलात आणते; एखाद्या रुग्णाबाबत वेगळा विचार करायचा असेल तर तो आरोग्य यंत्रणेलाच करावा लागतो. म्हणून समितीशी वाद न घालता तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज करा, त्याची प्रत तहसीलदारांना द्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आजच फोनवर बोला. अर्जात "सूट द्या" असे लिहू नका. "मी अमुक दिवशी पोहोचते, मी आईचा ताबा घेतला की बाबा त्याच दिवशी शाळेत जातील", असे स्पष्ट लिहा. तारीख दिलेली विनंती मान्य करणे अधिकाऱ्यांनाही सोपे जाते.

आता आईंबद्दल. एन-९५ मास्क बाबांनी लावायचा, आईंना लावू नका. ज्या माणसाला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, त्याला ठसका लागला किंवा उलटी झाली तर मास्कच जिवावर बेतू शकतो. आईंची खाट खिडकीजवळ घ्या, समोरासमोरची दोन दारे उघडी ठेवा आणि पंखा असा ठेवा की वारा बाबांकडून आईंकडे जाणार नाही. कूस बदलताना बाबांनी आईंच्या पाठीमागच्या बाजूला उभे राहून खाली अंथरलेल्या चादरीने ओढून वळवावे, तोंडासमोर वाकू नये. भरवताना शेजारी बसावे आणि बोलणे टाळावे. इतर वेळी त्यांनी ओसरीवर किंवा माडीवर थांबावे. आई निकटच्या संपर्कातील आहेत, म्हणून त्यांचीही तपासणी करून घ्या. अँटिजेन निगेटिव्ह आली आणि लक्षणे दिसली तर आरटीपीसीआर ही प्रयोगशाळेतील चाचणी करायलाच हवी.

गोळ्यांबद्दल तुमची शंका रास्त आहे. ऑक्सिजन चांगला असताना पहिल्या आठवड्यात स्टिरॉइड घेतल्याने अपाय होऊ शकतो. पण मनाने थांबवून गप्प राहू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांना ती चिठ्ठी दाखवा आणि बाबांना मधुमेह आहे का तेही सांगा. दिवसातून दोनदा चालण्याची चाचणी घ्या : साठीच्या पुढच्या माणसाने सहाऐवजी तीन मिनिटे सपाट जागेवर चालावे, आणि त्यानंतर ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनहून अधिक अंकांनी उतरला, तर शाळा नव्हे, थेट रुग्णालय. पाचव्या दिवसानंतर विशेष लक्ष ठेवा.

प्रतिसाद २

ई-पास पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो. वैद्यकीय कारण निवडा. बाबांचा अहवाल आणि आईंचे रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड एकाच फाइलमध्ये जोडा, ती एक एमबीच्या आत हवी आणि फोटो २०० केबीच्या आत. परतीचा प्रवासही त्याच अर्जात भरा. गाडीत निम्मीच माणसे चालतात, त्यामुळे चालकासह कोण जाणार ते आधी ठरवा. ऑनलाइन जमत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज देता येतो.

धागाकर्ती, २८ मे, रात्री

दोघांचेही मनापासून आभार. पास दुपारी मिळाला. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी फोनवर सर्व ऐकून घेतले, स्टिरॉइडची चिठ्ठी रद्द केली आणि मी पोहोचेपर्यंत बाबांनी घरी थांबावे, असे समितीला कळवले. बाबांना मधुमेह नाही. आज सायंकाळी तीन मिनिटे चालल्यावर ऑक्सिजन ९६ होता, फोन ओसरीच्या खांबाला टेकवून त्यांनी मला आकडा दाखवला, या वेळी वरचा. खाट खिडकीशी घेतली आहे. मी उद्या पहाटे पाचला निघते आहे. सलग तीन दिवस ताप नसण्याची अट पूर्ण झाली तर २ जूनला बाबांचे दहा दिवस संपतील.

एकच प्रश्न राहिला आहे. आईला आरोग्य केंद्रापर्यंत नेणे शक्य नाही. घरी येऊन स्वॅब घेण्याची सोय वाई तालुक्यात कोणाला मिळाली असल्यास, त्यासाठी कोणाकडे नोंद केली ते कृपया कळवावे.