भूगोलाच्या तासाला बांगलादेश शिकवायचा की नुसता नकाशात रंगवायचा?

नकाशेवाली:
भारताची सगळ्यात लांब सीमा कुणाशी विचारलं की पोरं चीन नाहीतर पाकिस्तान म्हणतात. बांगलादेश आहे हो, ४०९६ किमी! माझं म्हणणं, शेजाऱ्याशी संबंध हा भूगोलाचाच विषय आहे आणि तो नदीपासून शिकवावा. बंगालमधलं फरक्का घ्या, हुगळीत गाळ साचून कोलकाता बंदराची पंचाईत झाली म्हणून गंगेचं पाणी तिकडे वळवायला बॅरेज बांधलं, १९७५ ला सुरू झालं, मग खाली पद्मेला, म्हणजे बांगलादेशातल्या गंगेला, उन्हाळ्यात पाणी कमी पडतंय म्हणून भांडण, ते १९९६ च्या पाणीवाटप करारापर्यंत गेलं. गाळापासून करारापर्यंत सगळं एकाच नदीवर, यात भूगोल नाही असं काय आहे?

स्पष्टवक्ता:
शेवटचं सगळं राज्यशास्त्र आहे. पोरांना नकाशावरच्या समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा वाचता येत नाहीत आणि तुम्ही करार शिकवणार. शिवाय वर्गात बांगलादेश म्हटलं की दुसऱ्या मिनिटाला घुसखोरी निघते, मग त्या शिक्षकाने काय करायचं? पालक ग्रुपवर राडा वेगळा.

भटक्या:
@स्पष्टवक्ता समोच्च रेषांनी बंगालच्या सीमेवरचं कूचबिहार कळत नाही ना पण. तिथे भारताच्या जमिनीचे १११ तुकडे बांगलादेशात होते, त्यांचे ५१ आपल्याकडे, आणि एक तर भारताचा तुकडा बांगलादेशच्या तुकड्यात, तो भारताच्या तुकड्यात, तो परत बांगलादेशात!! ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली, तिथल्या लोकांना कुठला देश हवा ते निवडायला दिलं. हे ऐकून झोपलेलं पोरगंही उठेल.

पलीकडचा काठ:
उठेल, पण ती गंमत झाली, संबंध नाही. माझा विरोध वेगळाच आहे. आपल्याकडे असा धडा म्हणजे ७१ ला आपण मदत केली, संबंध मैत्रीपूर्ण आहेत, संपलं. फरक्का शिकवताय तर गोराईला, म्हणजे पद्मेच्या फाट्याला, पाणी कमी आलं की बांगलादेशात खुलनाकडे समुद्राचं खारं पाणी आत सरकतं, शेतीची वाट लागते, हेही सांगणार का? नसेल जमत तर शिकवूच नका, अर्धवट शिकवलेलं जास्त वाईट.

नकाशेवाली:
सांगायलाच पाहिजे की, म्हणून तर नदी म्हटलं, ती दोन्ही काठांची असते. आणि घुसखोरीचं म्हणाल तर ते पोरं मोबाईलवर ऐकतातच, निदान वर्गात समोर ॲटलास असेल. करार ३० वर्षांचाच होता, डिसेंबर २०२६ पर्यंत. जानेवारी ते मे पाणी कसं वाटायचं एवढंच त्यात आहे, दहा-दहा दिवसांचे हिस्से पाडून. याचं गणित वर्गात करून घेता येतं, त्यात भाषण कुठे आलं?

स्पष्टवक्ता:
गणित ठीक, ते मान्य. पण पेपरात येणार का? नकाशा भरायला मार्क आहेत, दोन्ही काठांना नाहीत. सिलॅबस वेळेत संपवायचा असतो मॅडम, आधी चार मार्कांचा प्रश्न टाकायला लावा, मग बघू कोण शिकवत नाही ते.